कचरा, बाळू आणि विठ्ठलचं पुस्तक

'लगान' टीव्हीवर लागला की परळ-लालबागकडे कुणीतरी म्हणतंच, हा कचरा म्हणजे आपला बाळू पालवणकर, स्टोरी ढापली की राव! खेळावरची कादंबरी असो, चरित्र असो की सिनेमा, 'हे आधी वाचलंय' असं वाटायला फार वेळ लागत नाही. पण ढापली म्हणायच्या आधी तारखा बघूया.

'लगान' आला जून २००१ मध्ये. बाळूची गोष्ट जगभर पोचवणारं रामचंद्र गुहांचं 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड' आलं २००२ मध्ये. म्हणजे निदान त्या पुस्तकावरून सिनेमा बेतला म्हणता येत नाही. आणि गुहांच्याही कितीतरी आधी ही हकिकत मराठीत छापून झाली होती. बाळूचा धाकटा भाऊ विठ्ठल, ज्याच्या कप्तानीखाली हिंदूंच्या संघानं १९२३ मध्ये युरोपियनांना हरवलं, त्यानं १९४८ मध्ये मुंबईत 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र काढलं. गुहांनी ते वापरलं आणि तसं नावानिशी सांगितलं. हे महत्त्वाचं.

आता साम्य किती ते पाहा. दोघेही अस्पृश्य, दोघेही फिरकी टाकणारे, दोघांनाही संघात घेताना सवर्णांची कुरकुर. 'लगान'चा काळ १८९३ चा. त्याच सुमारास खरा बाळू पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात महिना ४ रुपयांवर खेळपट्टी सांभाळत होता आणि कॅप्टन ग्रेगला तासन्‌तास नेटमध्ये बॉलिंग टाकत होता. ग्रेगला बाद केलं की आठ आणे मिळायचे, असं सांगतात. पुढे हिंदूंकडून खेळताना मैदानावर तो चालायचा, चहा मात्र पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात.

आणि फरक? माझ्या मते फरकच मोठा आहे. कचऱ्याची फिरकी त्याच्या अधू हातातून आपोआप येते आणि ती हेरतो गावचा हिरो. बाळूची फिरकी वर्षानुवर्षांच्या घामाची. १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात तो होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. त्याला कुणी 'शोधलं' नव्हतं, त्याला टाळता येत नव्हतं.

कायदाही असाच फरक पाहतो. 'हम हिंदुस्तानी' हे नाटक आणि 'न्यू दिल्ली' हा सिनेमा यांच्या वादात सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्ये सांगितलं की कल्पना, विषय, ऐतिहासिक घटना यांवर कुणाची मालकी नसते. मालकी असते ती मांडणीवर. दोन्ही कलाकृती पाहिल्यावर सामान्य माणसाला 'ही त्याचीच नक्कल' असं स्पष्ट वाटलं पाहिजे. नाटककार ती केस हरला. खाशाबा जाधवांवरच्या नागराज मंजुळेंच्या सिनेमाबद्दलही चरित्रकार संजय दुधाणे पुण्याच्या कोर्टात गेल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या. त्यात कोण बरोबर ते कोर्ट ठरवेल. खाशाबांचं हेलसिंकीचं १९५२ चं पदक कुणा एकाचं नाही, पण कुणी गावोगाव फिरून गोळा केलेल्या आठवणी आणि त्यांची गुंफण ही मेहनत आहे. तिचं नाव घ्यायला काय जातं?

बाळूच्या बाबतीत मला खटकतं ते वेगळंच. आपण 'कचरा कुणाचा' यावर भांडतो आणि सगळ्यात जबरदस्त प्रकरण तसंच पडून राहतं. तेही आपल्याच वॉर्डातलं. १९३७ च्या निवडणुकीत भायखळा-परळ मतदारसंघात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरोधात काँग्रेसनं कुणाला उभं केलं होतं? याच बाळू पालवणकरांना. साठीतला बॉलर, ज्याच्या यशाचं एके काळी दलित वस्त्यांना केवढं अप्रूप, तो बाबासाहेबांसमोर! बाबासाहेब जिंकले, पण फरक जेमतेम दोन हजार मतांचा. त्या चाळींमध्ये तेव्हा घराघरात काय वाद झाले असतील, कल्पना करा. यावर कुणी कादंबरी लिहिली तर 'लगानसारखी वाटते' म्हणायची कुणाची टाप नाही.

विठ्ठलच्या पुस्तकाची जुनी प्रत कुणाच्या घरी, माळ्यावर, वाचनालयात असेल तर कमेंटमध्ये सांगा. मी येऊन बघतो.