आखूड शेपटीचा कावळा

पावसाच्या तोंडाशी वेल्ह्याहून पासलीमार्गे केळदला जाणार असाल, तर झाडीत गाडी बंद करून जरा थांबा. सकाळी किंवा तिन्हीसांजेला दोन सुरांची खणखणीत शीळ ऐकू आली, तर तो नवरंग. हिवाळा दक्षिणेत, श्रीलंकेत काढून हा पक्षी विणीसाठी पावसाबरोबर सह्याद्रीत येतो.

पाठ हिरवी, पोट पिवळट, शेपटीखाली कुंकवाचा लाल, पंखावर निळा, डोळ्यावर काळी पट्टी... नऊ भरतात का ते मोजत बसू नका, नाव चपखल आहे. युरोपात काय झालं पाहा! जॉर्ज एडवर्ड्सने १७६४ साली याचं चित्र छापलं. लिनियसने १७६६ मध्ये याला चक्क कावळ्यांत बसवून नाव दिलं 'कॉर्व्हस ब्रॅक्युरस', म्हणजे आखूड शेपटीचा कावळा. एवढ्या रंगांतून दिसली काय, तर शेपटी! पुढे १८१६ मध्ये व्हिएयोने 'पिट्टा' ही वेगळी प्रजाती केली. हा तेलुगू शब्द, अर्थ नुसता 'पक्षी'. आज आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत याचे सगळे भाऊबंद हेच तेलुगू नाव लावतात.

असो. इतका रंगीत असून तो सहसा दिसत नाही, कारण तो वावरतो जमिनीवर, पालापाचोळा उलटून किडे टिपत. आणि नेमका तोच पाचोळा 'गवत चांगलं येतं' म्हणून ऐन उन्हाळ्यात वणवे लावून जाळला जातो. पहिल्या पावसात गवत उगवतं खरं. पाचोळ्याला मात्र पुढची पानगळ यावी लागते.