जावाच्या दप्तरातील मनाईहुकूम

जावा भाषेतील प्रकल्पात परक्याने रचलेली लायब्ररी दाखल करून घ्यावी आणि तिच्या अखंड नोंदींनी लॉगचे दप्तर भरून जाऊन कामाची ओळच त्यात सापडू नये, या उपद्रवाच्या बंदोबस्ताचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १९९६ साली युरोपीय संघाच्या सेम्पर प्रकल्पासाठी आरंभिलेल्या नोंदव्यवस्थेतून लॉग-फोर-जे उदयास आले. आणि नोंदकर्त्यांना पॅकेजांची नावे देऊन त्यांची अधिकारपरंपरा लावण्याची जी पद्धत त्याने रूढ केली, तिच्यामुळे लायब्ररीच्या मूळ नावावर ‘वॉर्न’ पातळीचा एकच हुकूम बजावला, की खालच्या साऱ्या शाखांची किरकोळ बडबड, वेगळा हुकूम नसल्यास, आपोआप थांबे. या साऱ्या खटाटोपातले खरे शहाणपण, माझ्या मते, एवढेच. २००२ साली जावा १.४ ने सात पातळ्यांची आपली सरकारी व्यवस्था आणली मात्र, आणि एकाच प्रकल्पात दोन अंमल सुरू होऊन एकाचा मनाईहुकूम दुसऱ्याच्या दप्तरी पोचेना! तेव्हा लॉग-फोर-जेचे एक जनक जेकी ग्युल्जू यांनीच पुढे एसएलएफ-फोर-जे रचून, लायब्ररीने केवळ नोंद सादर करावी, ती ठेवण्याचा वा टाकण्याचा अखत्यार प्रकल्पाच्या धन्याचा, अशी वाटणी केली, व जुन्या व्यवस्थांची आवक वळविणारे पूलही बांधले. त्यांपैकी सरकारी व्यवस्थेकडून येणारा पूल, नामंजूर होणाऱ्या नोंदींचाही भार वाहत असल्याने, काहीसा खर्चिक ठरला.