फेफऱ्याचा साक्षीदार

मंडळी, आजचा विषय डॉक्टरांचा वाटेल, पण आपण तो इतिहासाच्या अंगानं घेणार आहोत, आणि थोडा तत्त्वज्ञानाच्याही, कारण जन्मभर तेच शिकवलं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला झटके येतात. गोळ्या चालू आहेत, तरी थांबत नाहीत. डॉक्टर म्हणतात, चार-पाच दिवस भरती करू, डोक्याला तारा लावू, खोलीत कॅमेरा चोवीस तास चालू राहील आणि झटक्याची वाट पाहू. याला व्हिडिओ ईईजी म्हणतात. मेहकर-लोणारकडच्या घरात हे ऐकल्यावर जी शांतता पसरते, तिच्यामागे मोठा इतिहास आहे.

आधी नावं बघा. आपल्याकडे फेफरं, मिरगी, आकडी, फीट. ग्रंथातलं नाव अपस्मार, म्हणजे स्मृती निघून जाणं. चरकसंहितेच्या निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात या रोगाला स्वतंत्र अध्याय आहेत. वाताचा, पित्ताचा, कफाचा आणि तिन्ही मिळून, असे चार प्रकार सांगितले आहेत. नाव ठेवणाऱ्यानं पडणं, तोंडाला फेस, हातपाय झाडणं यातलं काहीच निवडलं नाही, स्मृती निवडली. आम्हाला हे फार नेमकं वाटतं, कारण या रोगाची अडचण ज्ञानाची आहे. ताप आला तर आपल्याला प्रत्यक्ष कळतो. झटका मात्र सगळ्यांना दिसतो, ज्याला येतो त्यालाच दिसत नाही. (काही झटक्यांत शुद्ध टिकते, त्यांची गोष्ट वेगळी.) अद्वैतवाले म्हणतात, गाढ झोपेतही साक्षी जागा असतो, म्हणून उठल्यावर ‘सुखानं झोपलो’ असं म्हणता येतं. झटक्यातून उठलेल्या पोराला तेवढंही म्हणता येत नाही. जीभ चावलेली, कपडे ओले, भोवती गर्दी. यावरून त्यानं अनुमान करायचं. बाकी सगळं शब्दप्रमाण: आई सांगेल ते, वर्गातली पोरं सांगतील ते.

मग साक्षीदार कोण? खेड्यात ती गर्दीच. कुणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कुणी जोडा हुंगवतो, कुणी हातात किल्ली देतो. आणि आपल्याच जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमाराला यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, आणि कुठून कुठून मनाच्या, मेंदूच्या आजाराची माणसं तिथं आणली जातात. शहाण्या लोकांना यावर हसायला आवडतं. आम्हाला वेगळा प्रश्न पडतो. हजारो लोकांसमोर लेकीला नेणारा बाप, बंद खोलीतल्या एका कॅमेऱ्याला का घाबरतो?

उत्तर नीट पाहिलं पाहिजे. दर्ग्यावर जे असतं ते ‘बाहेरचं’ असतं. ते लेकीचं नसतं, आणि निघून जाऊ शकतं. दवाखान्यात मात्र कागद तयार होतो, त्यावर तिचं नाव असतं, आणि तो कागद लग्नाच्या बोलणीत निघू शकतो. ही भीती निव्वळ अडाणीपणाची नाही, बरं का. 1976 साली हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाली आणि लग्नाच्या अटींमध्ये ‘अपस्माराचे वारंवार झटके’ हे शब्द आले. लग्नाच्या वेळी तसा आजार असेल, तर कोर्टात जाऊन ते लग्न रद्द करून घेता येत होतं. हे शब्द 1999 मध्ये काढले. मधली तेवीस वर्षं देशाच्या कायद्यानंच सांगितलं की लपवा. आजच्या सोळा वर्षांच्या मुलीची आजी, आत्या, मावशी त्याच काळात संसाराला लागलेल्या. कायदा बदलला, ही बातमी त्यांच्यापर्यंत कोणी पोचवली?

आता यंत्राकडे येऊ. माणसाच्या मेंदूतली वीज पहिल्यांदा टिपली हान्स बर्गर यांनी, जर्मनीतल्या येना इथं, 1924 मध्ये. डोक्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी, एका सतरा वर्षांच्या मुलावर. 1929 मध्ये त्यांनी निबंध छापला, त्यात स्वतःच्या किशोरवयीन मुलाच्या, क्लाउसच्या, नोंदी होत्या. गंमत बघा, ज्यांच्या डोक्यांवरून हे शास्त्र उभं राहिलं ती दोन्ही पोरं आजच्या आपल्या कायद्यात भरतीच्या कागदावर सही करू शकली नसती. पुढं 1949 मध्ये मॉन्ट्रियलच्या हंटर आणि जॅस्पर यांनी झटक्याचं चित्रीकरण आणि मेंदूचा आलेख एकत्र टिपण्याची रीत मांडली. आजची खोली त्याचीच नात.

गरज का पडली? साधा ईईजी जेमतेम अर्ध्या तासाचा. दोन झटक्यांच्या मध्ये काढला तर आलेख स्वच्छ येऊ शकतो, आणि घरचे म्हणतात, ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहे.’ झटका चालू असताना मान आधी कुठं वळली, कोणता हात आकडला, आणि त्याच क्षणी आलेख कुठून बिघडला, हे एकत्र पाहिलं की दोन गोष्टी कळू शकतात. एक, हे फेफरं आहेच का. काही झटके मनाच्या ताणातून येतात, आणि त्यांच्यासाठी वर्षानुवर्षं गार्डिनाल खाणं फुकट असतं. दुसरी, ते मेंदूच्या एकाच जागेतून निघतं का. तसं असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. सुमारे एक तृतीयांश रोग्यांचे झटके औषधांनी आटोक्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी हा प्रश्न जगण्याचा आहे. वेल्लोरला जेकब चांडी यांनी 1952 मध्येच अशी शस्त्रक्रिया केली होती. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत 1995 पासून तिचा रीतसर कार्यक्रम सुरू झाला. आपल्याला मुंबईचं केईएम जवळ, मलकापूरहून रात्रीची गाडी.

पण किंमतही आहे, आणि ती पोरालाच मोजावी लागते. झटका यावा म्हणून डॉक्टरांच्या नजरेखाली गोळ्या कमी करतात, झोप मोडतात. जो झटका येऊ नये म्हणून दोन वर्षं देव पाण्यात ठेवले, त्याचीच वाट पाहत बसायचं. डोक्याला चिकट लेप, केस धुता येत नाहीत, संडासला जाताना सोबत माणूस. आणि पाच दिवसांत झटका आलाच नाही, असंही होतं. बापाची पाच दिवसांची मजुरी बुडते ती वेगळीच.

तर ठरवायचं कोणी? अठराच्या आत उपचारासाठी सही आईवडिलांची. आपल्याच वैद्यकीय संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं मात्र संशोधनात बारा ते अठरा वयाच्या मुलाची स्वतःची लेखी मान्यताही मागतात. म्हणजे त्याच्यावर संशोधन करायचं तर त्याला विचारायचं, आणि इलाज करायचा तर नाही, हे आम्हाला काही पटत नाही. मोटरसायकल चालवायची तो, विहिरीत पोहायचं तो, चुलीपुढं बसायचं ती. आणि आजवर सगळ्यांनी पाहिलेलं, फक्त त्यांनी न पाहिलेलं, ते पडद्यावर पाहायची पहिली संधी त्यांचीच. काहींना ते पाहायचं नसतं. तोही त्यांचा हक्क. चित्रण कोण पाहील, किती दिवस ठेवतील, आई खोलीत राहील का, हे प्रश्न पोरानं डॉक्टरांना स्वतः विचारावेत.

भरती नको असेल, तरी हल्ली तालुक्याचे डॉक्टरही म्हणतात, पुढचा झटका आला की मोबाईलवर चित्रण करून आणा. त्याचा चांगला उपयोग होतो. फक्त चित्रण करायचं की नाही ते पोर शुद्धीत असताना, आदल्या दिवशीच विचारून ठेवा. आणि दाखवून झालं की ते काकाच्या, मामाच्या व्हॉट्सअॅपवर जायला नको.