लेखणी एकाची, मालकी दुसऱ्याची

कामगार चळवळीत उमर घालविलेल्या माणसाने विद्वानांच्या नियतकालिकांविषयी बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या धंद्यात माल तयार करणाराला मजुरी नाही आणि स्वतःचाच माल त्याला विकत घ्यावा लागतो, त्या धंद्याकडे माझ्यासारख्याचे लक्ष जाणे साहजिक आहे.

१६६५ साली लंडनमध्ये हेन्री ओल्डेनबर्गने 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' सुरू केले. त्यात लिहिणाराला पैसा नको होता. शोध आपला, ही नोंद चारचौघांत व्हावी एवढेच त्याला हवे होते. पुढे १७१० च्या ब्रिटिश कायद्याने नव्या ग्रंथावर कर्त्याला चौदा वर्षांचा हक्क दिला. तो हक्क लेखणीवर पोट भरणाराच्या कामाचा. शास्त्रज्ञाचे पोट पगारावर. म्हणून प्रकाशकाने पुढे केलेल्या कागदावर तो हक्क लिहून देताना त्याला काही गमावल्यासारखे वाटले नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारांनी संशोधनावर मोठा पैसा खर्च केला. रॉबर्ट मॅक्सवेलने १९५१ मध्ये पर्गमॉन प्रेस हाती घेतला. एका नियतकालिकातला लेख दुसऱ्यात मिळत नाही, तेव्हा ग्रंथालयाला ते सांगेल त्या किमतीस घ्यावेच लागते, हे या धंद्याचे मर्म होते. लेख तपासणारे विद्वानही बहुधा फुकटच राबत. १९९१ मध्ये पर्गमॉन एल्सेव्हियरकडे गेला.

त्याच वर्षी पॉल गिन्सपार्ग यांनी अमेरिकेत पदार्थविज्ञानाचे लेख संगणकावरून विनामूल्य देण्याची सोय केली. फेब्रुवारी २००२ मध्ये बुडापेस्टच्या जाहीरनाम्याने मुक्त प्रवेशाची मागणी मांडली. डिसेंबरात क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आले. लेखकाने हक्क स्वतःकडे ठेवावा, आणि नाव देण्याच्या अटीवर लोकांना वापराची मोकळीक द्यावी, अशी त्यांतील सर्वांत उदार परवान्याची रीत.

यानंतरची एक हकीकत मला आपली वाटते. 'लिंग्वा' हे भाषाशास्त्राचे नामांकित नियतकालिक एल्सेव्हियरच्या मालकीचे. हक्क लेखकाकडे राहावा, मुक्त प्रकाशनाचे शुल्क चारशे युरोंवर जाऊ नये, या मागण्या संपादकांनी केल्या. त्या मान्य झाल्या नाहीत. तेव्हा २०१५ मध्ये सहाही संपादक आणि मंडळाचे एकतीस सभासद एकदम बाहेर पडले, व त्यांनी 'ग्लॉसा' काढले. जुने नाव मात्र मालकाकडेच राहिले. संप आम्हीही पाहिले आहेत. पण इतक्या एकजुटीने बाहेर पडून स्वतःचा कारखाना उभारणारे विरळा.

तरी लढाई संपली असे समजू नये. पुष्कळ ठिकाणी वाचकाकडून घ्यायचा पैसा आता लेखकाकडून घेतात, आणि गरीब महाविद्यालयाच्या प्राध्यापकाला तो परवडत नाही. आपल्या सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेस तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये मंजूर केले. सरकारी संस्थांतील विद्यार्थ्यांची सोय झाली हे खरे; पण सभेला बसलेल्या तुम्हा नागरिकांना त्या दारातून प्रवेश नाही, आणि पैसा तर तुमचाच आहे.

आपल्या १९५७ च्या कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाप्रमाणे हक्क देणे लेखी व सहीनिशीच व्हावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षेच धरतात. म्हणजे सारे त्या कागदावर अवलंबून आहे. गिरणीच्या दारात मी तीस वर्षे जे सांगत आलो, तेच विद्वानांना सांगतो: सही करण्यापूर्वी कागद वाचा, आणि एकटे जाऊ नका.