भट्टीवरची थंड कॉइल

बर्फाच्या पाण्याचा पेला टेबलावर ठेवला की थोड्याच वेळात त्याला बाहेरून थेंब जमतात. हे पाणी पेल्यातून झिरपलेले नसते, तर हवेतील बाष्पाचे असते, हे आपण वर्गात शिकवतो. घर थंड करण्याच्या यंत्रणेचा इतिहास या थेंबांशी किती जोडलेला आहे, हे मात्र सहसा सांगायचे राहून जाते.

१९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्याला दमट हवेचा त्रास होत होता. रंगीत चित्रे छापताना एकाच कागदावर एकामागून एक रंग चढवावे लागत. दमट हवेत कागद फुगे, कोरड्या हवेत आकसे आणि दुसरा रंग पहिल्यावर नेमका बसत नसे. हे काम विलिस कॅरियर या पंचवीस वर्षांच्या अभियंत्याकडे आले. इमारत तापवण्यासाठी ज्या कॉइलमधून वाफ खेळवत, तशा कॉइलमधून त्याने थंड पाणी खेळवले. तिच्यावरून जाणारी हवा दवबिंदूखाली थंड होई व जादा बाष्पाचे पाणी होऊन निथळून जाई. आधुनिक वातानुकूलनाची सुरुवात इथून मानतात. गंमत अशी की हेतू माणसांना गारवा देण्याचा नव्हता, कागद सांभाळण्याचा होता.

घरांपर्यंत हे तंत्र पोचायला बराच काळ लागला. १९१४ साली मिनिआपोलिसमधील एका धनिकाच्या वाड्यात बसवलेले यंत्र सुमारे २० फूट लांब होते. सामान्य अमेरिकन घरात मात्र एक सोय आधीच होती. थंड प्रदेशात तळघरात कोळशाची भट्टी असे आणि तिच्यावर तापलेली हवा पत्र्याच्या रुंद वाहिन्यांतून खोल्यांत जाई. आपल्याकडे घर तापवावे लागत नाही, म्हणून हे चित्र आपल्याला अपरिचित आहे. मग याच वाहिन्यांतून उन्हाळ्यात गार हवा का सोडू नये?

यात दोन अडचणी होत्या. गरम हवा हलकी असल्याने आपोआप वर चढे. गार हवा जड, ती तळघरातच बसून राहिली असती. विजेच्या पंख्याने हवा ढकलणाऱ्या भट्ट्या आल्यावर ही अडचण सुटली. दुसरी अडचण शीतकाची. अमोनिया किंवा सल्फर डायऑक्साइड कॉइलमधून गळला, तर तो वाहिन्यांतून थेट झोपण्याच्या खोलीत पोचला असता. १९२८ साली थॉमस मिजली व सहकाऱ्यांनी बिनविषारी, न पेटणारे फ्रिऑन शोधले. (त्याच वर्गातील संयुगे ओझोन थराला घातक ठरू शकतात, हे १९७४ साली मोलिना व रोलंड यांनी दाखवले आणि १९८७ च्या माँट्रियल करारानुसार ती टप्प्याटप्प्याने बंद झाली.) दुसऱ्या महायुद्धानंतर भट्टीला जोडून कॉइल, घराबाहेर कॉम्प्रेसर आणि पंखा व वाहिन्या जुन्याच, अशी रचना अमेरिकेत रूढ होत गेली.

आता विद्यार्थ्यांना विचारावे: कॉइल भट्टीच्या आधी बसवावी की नंतर? हवा दोन्हीकडे सारखीच थंड होणार, मग फरक काय? भट्टीत जळणाचा धूर धातूच्या पातळ पोकळ्यांतून धुराड्याकडे जातो आणि घरातील हवा त्यांच्या बाहेरून फिरून तापते. कॉइल आधी असेल, तर उन्हाळ्यात १२-१३ अंशांची हवा या पोकळ्यांवरून वाहील व धातू गार पडेल. धुराड्यातून आत येणारी दमट हवा त्याला लागली की आतून थेंब जमतील, अगदी आपल्या पेल्यासारखे. मग गंज, पुढे भोके. आणि हिवाळ्यात त्या भोकांतून कार्बन मोनॉक्साइड घरात शिरू शकतो. या वायूला रंगही नाही, वासही नाही. म्हणून कॉइल भट्टीनंतर, बहुधा तिच्या माथ्यावर बसवतात. तिच्याखाली ताटली व पाणी वाहून नेणारी नळी असते. ती तुंबली तर पाणी भट्टीवरच ठिबकते आणि गंज पुन्हा सुरू होतो. दोन्ही शेजारी शेजारी ठेवायच्या असतील, तर ज्या वाटेची गरज नाही ती घट्ट बंद करणाऱ्या झडपा लागतात.

पंख्याचाही हिशेब बदलतो. भट्टी हवा २५-३० अंशांनी तापवते, कॉइल जेमतेम १० अंशांनी थंड करते. म्हणून गारव्यासाठी जास्त हवा खेळवावी लागते. जुना पंखा अपुरा पडला, तर कॉइलवर बर्फ धरतो.

वर्गात एवढे करून पाहता येईल. स्टीलच्या पेल्यात साधे पाणी घ्या, तापमापी ठेवा आणि बर्फाचे तुकडे एकेक टाकत ढवळत राहा. बाहेरून पेला धुरकट होईल त्या वेळचे तापमान म्हणजे साधारणपणे त्या दिवसाचा दवबिंदू. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर आणि पुन्हा जानेवारीत हा प्रयोग करून आकड्यांची तुलना करा. वर्गात गार कॉइल बसवली असती, तर कोणत्या महिन्यात तिच्याखालची ताटली लवकर भरली असती?