स्वमग्नता आणि चेहऱ्याची साक्ष

आमच्या मेहकरच्या शारंगधर बालाजीची मूर्ती १८८८ साली जमिनीखाली सापडली. विष्णूचे रूप कोणते, हे हातांतल्या आयुधांच्या क्रमावरून कळते. अंगाची मापे तालमानाने ठरलेली असतात. मूर्तीत लक्षण मुद्दाम घडवलेले असते, म्हणून त्यावर विसंबता येते.

मुलाच्या बाबतीत तसे विसंबलो आणि चुकलो. माझा भाचा दोन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता, हाकेला वळत नव्हता. “चेहरा किती हुशार आहे! बोलेल उशिरा,” असे सगळे म्हणाले. मीही म्हणालो. त्यात दोन वर्षे गेली. मग निदान झाले : स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम.

या चेहऱ्याने जाणकारांनाही थबकवले होते, हे पुढे वाचनात आले. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत ११ मुलांची वर्णने छापली. या मुलांचे चेहरे बुद्धिमान दिसतात, असे त्यांनी नोंदवले. पाच जणांची डोकी तुलनेने मोठी होती, असेही लिहिले. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या हान्स आस्परगर यांना अशा मुलांत खानदानी रेखीवपणा दिसला.

यांपैकी मोठ्या डोक्याची नोंद टिकली. स्वमग्न मुलांपैकी साधारण १५ ते २० टक्क्यांत ते आढळते. म्हणजे बहुतेकांत नाही. लांबट चेहरा व मोठे कान ही ‘फ्रॅजाइल एक्स’ या जनुकीय विकाराची लक्षणे. तो असलेल्या अनेकांत स्वमग्नताही आढळते. अशा खुणांवरून जनुकीय तपासणीची दिशा मिळते, स्वमग्नतेचे निदान होत नाही.

अंगावर न दिसणाऱ्या या अपंगत्वाला कायद्यातही उशिरा जागा मिळाली. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात ते नव्हते. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आले, आणि २०१६च्या कायद्यातील २१ अपंगत्वांत त्याची गणना झाली. प्रमाणपत्रासाठीच्या भारतीय मोजपट्टीत ४० बाबी आहेत : नजर देणे, बोलणे, भावना, वागणे, आवाज-स्पर्शाला प्रतिसाद. नाक, कान, डोक्याचा घेर यांची एकही नाही.

देवळात घंटा वाजली की भाचा कान झाकतो. हे तो दोन वर्षांचा असतानाही करत होता. आम्ही सगळे तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होतो.