कॅलिबरमधली पुस्तकं नवीन लॅपटॉपवर कशी न्यायची? (टॅग आणि क्रमासकट)

कोडिंग माझं रोजचं काम, तरी पहिल्यांदा ई-पुस्तकं हलवताना मी शेण खाल्लं. जुन्या लॅपटॉपवर ईपब आणि पीडीएफ फाइल सर्च केल्या, सगळ्या पेनड्राइव्हवर टाकल्या आणि लॅपटॉप फॉरमॅट करून एक्स्चेंजमध्ये दिला. नवीन मशीनवर पुस्तकं आली, पण अर्ध्यांचा लेखक ‘अननोन’, स्कॅन केलेल्या पीडीएफची नावं नुसते आकडे आणि मालिकांचा क्रम गायब. दीड वर्ष दर रविवारी बसून भरलेली माहिती गेली ती गेलीच. तुमचं तसं होऊ नये म्हणून हा लेख.

माहिती नेमकी कुठे असते?

कॅलिबर हे मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. मूळचे मुंबईचे कोविद गोयल यांनी 2006 मध्ये त्याची सुरुवात केली. त्यात तुम्ही पुस्तकाचं नाव, लेखक किंवा टॅग बदलता तेव्हा तो बदल लगेच पुस्तकाच्या फाइलमध्ये जात नाही. तो लायब्ररी फोल्डरमधल्या ‘मेटाडेटा डॉट डीबी’ या फाइलमध्ये साठवला जातो. म्हणून नुसत्या फाइल नेल्या तर पुस्तक येतं, तुमची मेहनत मागे राहते.

अजून एक गोष्ट. कॅलिबरमध्ये नाव मराठीत दिसलं तरी आतली फोल्डरं रोमन लिपीत असतात. ती हाताने बदलू नका, नाहीतर कॅलिबरला पुस्तक सापडणार नाही.

हलवण्याआधी

1. दोन्ही मशीनवर कॅलिबरचं ताजं व्हर्जन टाका.
2. वरच्या पट्टीतल्या लायब्ररीच्या बटणावर राइट क्लिक करा आणि ‘लायब्ररी मेंटेनन्स’मधून ‘चेक लायब्ररी’ चालवा. काही गडबड असेल तर इथेच कळते.
3. खाली डावीकडे पुस्तकांची संख्या दिसते, ती लिहून ठेवा.

पद्धत 1: सगळं एकत्र

त्याच मेनूत ‘एक्स्पोर्ट/इम्पोर्ट ऑल कॅलिबर डेटा’ आहे. एक्स्टर्नल डिस्कवर रिकामं फोल्डर बनवा आणि त्यात एक्स्पोर्ट करा. तयार झालेली एकही फाइल डिलीट करू नका. नवीन मशीनवर याच मेनूतून इम्पोर्ट करा आणि लायब्ररीसाठी रिकामं फोल्डर दाखवा. यात पुस्तकांसोबत सेटिंग्ज आणि प्लगइनही येतात. मात्र नवीन मशीनवर आधीच कॅलिबरच्या सेटिंग्ज असतील, तर त्या पुसल्या जातील.

पद्धत 2: फोल्डर कॉपी

सेटिंग्ज नको असतील तर कॅलिबर बंद करा आणि ‘कॅलिबर लायब्ररी’ हे अख्खं फोल्डर कॉपी करा. नवीन मशीनवर पहिल्यांदा कॅलिबर उघडल्यावर ते लायब्ररीची जागा विचारतं, तिथे हेच फोल्डर दाखवा. झालं!

इथे चुकू नका

- लायब्ररी क्लाउडच्या सिंक फोल्डरमध्ये ठेवून कॅलिबर वापरू नका. सिंक चालू असताना डेटाबेस खराब होऊ शकतो. बॅकअपची कॉपी क्लाउडवर ठेवायला हरकत नाही.
- डेटाबेस बिघडलाच तर घाबरू नका. कॅलिबर प्रत्येक पुस्तकाच्या फोल्डरमध्ये माहितीची एक छोटी फाइल ठेवतं. ‘रिस्टोअर डेटाबेस’ वापरून त्यातून बरंचसं परत मिळतं.
- कॉपी-लॉक असलेली विकत घेतलेली पुस्तकं फोल्डरसोबत जातील, पण कॅलिबरमध्ये उघडणार नाहीत.

फोनवर वाचत असाल तर

मी रात्री कॅलिबरच्या कंटेंट सर्व्हरवरून, घरच्या वायफायवर, फोनमध्ये पुस्तकं घेतो. मशीन बदललं की आयपी अ‍ॅड्रेसही बदलू शकतो, त्यामुळे फोनमधला जुना बुकमार्क चालला नाही तर दचकू नका. ‘कनेक्ट/शेअर’मधून सर्व्हर सुरू करा आणि तिथे दिसणारा नवा पत्ता फोनच्या ब्राउझरमध्ये टाका.

शेवटी

लिहून ठेवलेली संख्या जुळते का बघा. चार-पाच पुस्तकं उघडून बघा, त्यात एखादं मराठी स्कॅन आणि एखादी मालिका असू द्या. सगळं नीट असलं तरी जुना लॅपटॉप निदान महिनाभर फॉरमॅट करू नका. पुस्तकं पुन्हा डाउनलोड करता येतील, पण तुमचे रविवार परत मिळणार नाहीत.